हृदयाचा फोटो सरसकट नको, गरजूचा चुकायला नको



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक विषय घ्यावा म्हणून काही सभासदांनी सह्यांचा अर्ज दिला आहे. मुंबईची एक कंपनी सवलतीच्या दरात प्रत्येक सभासदाच्या हृदयाचे स्कॅन करून देणार, अहवालावर ‘धोका आहे’ किंवा ‘धोका नाही’ असे लिहून देणार आणि त्याचा खर्च ऊसबिलातून कपात करायचा, असा तो विषय. अर्जामागची कळकळ आम्हांस मान्य आहे. पण हा ठराव आहे तसा मंजूर होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, आणि त्याऐवजी काय व्हावे, हे सभासदांपुढे ठेवण्यासाठी हा लेख.

विषय निघाला तो भिवंडीवरून. भिवंडी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रमाग येतात. मागांचा खडखडाट तिथे अजून आहे, पण मुंबई-नाशिक रस्त्याच्या अंगाने आता मैलच्या मैल गोदामेही उभी राहिली आहेत. आपल्या भागातली कितीतरी पोरे तिथे गाड्या भरतात, टेम्पो चालवतात, हिशेब ठेवतात. त्यातलाच एक, आपल्या एका सभासदाचा मुलगा, चाळिशीही न गाठलेला, माल चढवता चढवता खाली बसला आणि कोसळला. कुणी तोंडावर पाणी मारले, कुणी फिट आली म्हणून नाकाला कांदा लावला, कुणी रिक्षा आणायला धावले. रस्त्यावर गाड्यांची रांग. रुग्णालयात पोचेपर्यंत सगळे संपले होते.

दहाव्याला घरची माणसे बोलली तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. त्याचा सख्खा चुलता पस्तिशीत असाच उभ्या उभ्या गेला होता. आणि हा मुलगा स्वतः दोन वेळा पळताना चक्कर येऊन पडला होता. उपाशीपोटी असेल, ऊन लागले असेल, म्हणून कुणी मनावर घेतले नाही. वाचकांनी या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुढचा सगळा विचार त्यांच्याभोवतीच आहे.

झटका वेगळा, बंद पडणे वेगळे

आपण सगळ्यालाच ‘अटॅक आला’ म्हणतो. पण विहिरीवरच्या मोटारीचे दोन बिघाड आपल्याला चांगले ठाऊक आहेत. पाइपात गाळ बसून पाणी अडते तो एक. पाइप मोकळा असून करंटचा घोळ होऊन मोटार थांबते तो दुसरा. हृदयाचेही तसेच आहे. हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबली की येतो तो हृदयविकाराचा झटका. त्यात छातीत दुखते, घाम फुटतो, माणूस बोलत असतो, डॉक्टरकडे जायला वेळ मिळतो. हृदयाच्या ठोक्यांना चालवणारी वीज विस्कटली की हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलत नाही. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो आणि काही मिनिटांत दगावतो. हाच तो अचानक मृत्यू. पस्तिशीनंतर त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा तुंबलेली नळीच असते, म्हणजे पहिला बिघाड दुसऱ्याला जन्म देतो. तरुण वयात मात्र हृदयाचा स्नायू जन्मजात जाड असणे, विजेच्या वाटेतच आनुवंशिक दोष असणे, अशी कारणे अधिक आढळतात.

फोटोत दिसते तरी काय?

आता स्कॅनवाले काय दाखवतात ते पाहू. हृदयाची चित्रे मुख्यतः तीन तऱ्हांनी काढतात.

पहिली सोनोग्राफीसारखी, तिला टू-डी इको म्हणतात. ती स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावीही होते. तीत झडपा दिसतात, स्नायूची जाडी दिसते आणि एका ठोक्यात हृदय आतले किती टक्के रक्त बाहेर टाकते तो आकडा मिळतो. निरोगी माणसात तो साधारण ५५ च्या वर असतो. तो ३५ किंवा त्याखाली गेला, तर औषधे देऊनही अचानक मृत्यूचा धोका मोठा समजतात आणि छातीत कातडीखाली एक यंत्र बसवण्याचा विचार करतात. हृदयाची वीज विस्कटली की हे यंत्र आतल्या आत शॉक देऊन ठोका ताळ्यावर आणते. असे यंत्र माणसाला पहिल्यांदा बसवले गेले १९८० साली, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. आज ते आपल्याकडेही बसवतात, पण खर्च लाखांत जातो.

मात्र हा ३५ चा आकडा ओबडधोबड आहे. अचानक दगावणाऱ्यांतल्या बहुतेकांचा आकडा ३५ च्या वरच असतो, म्हणजे ते या चाळणीतून निसटतात. उलट यंत्र बसवलेल्या अनेकांना वर्षानुवर्षे एकदाही शॉकची गरज पडत नाही. म्हणून डॉक्टर लोक अधिक बारीक चाळणी शोधत आहेत.

ती बारीक चाळणी म्हणजे दुसरी तऱ्हा, हृदयाचा एमआरआय. शिरेतून गॅडोलिनियम नावाचे औषध देऊन हे चित्र काढतात. स्नायूत जुना व्रण असेल तर तो भाग उजळून दिसतो. व्रणाचे एवढे काय महत्त्व? पाटाच्या वाहत्या पाण्यात मध्येच दगड आला की पाणी त्याला वळसा घालते आणि त्याच्या आडोशाला भोवरा धरते, हे आपण रोज बघतो. हृदयातली विजेची लाटही व्रणाला तशीच वळसा घालते. कधी कधी ती पुढे न जाता त्याच व्रणाभोवती फिरत राहते आणि ठोक्यांचा ताबा घेते. व्रण किती मोठा, कुठे आणि कसा पसरलेला, यावर भोवरा धरण्याचा धोका ठरतो. टू-डी इकोत हा व्रण नीट कळत नाही, एमआरआयमध्ये कळतो.

तिसरी तऱ्हा सीटी स्कॅनची. तीत हृदयाच्या नळ्यांत साठलेला चुना मोजता येतो, किंवा शिरेतून औषध देऊन नळ्याच दिसतात. ही तपासणी योग्य माणसाला उपयोगी पडते याचा चांगला पुरावा आहे. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखते म्हणून आलेल्या ४,१४६ रुग्णांचा अभ्यास झाला. त्याचा पाच वर्षांचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची नेहमीच्या तपासणीबरोबर सीटीही केली, त्यांच्यात हृदयरोगाने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के राहिले. ज्यांची केली नाही, त्यांच्यात ते ३.९ टक्के होते. नळीत रोग दिसला म्हणून योग्य औषधे सुरू झाली, हे त्याचे मोठे कारण. पण हे सर्व लोक छातीत दुखते म्हणून डॉक्टरकडे आले होते, रस्त्याने जाणारे धरून आणलेले नव्हते.

संगणकाची बातमी आणि तिचा खरा अर्थ

अर्जासोबत वर्तमानपत्राचे एक कात्रण जोडले आहे. ‘हृदयाचा फोटो पाहून संगणक मृत्यू ओळखतो’ अशी बातमी आहे. बातमी खोटी नाही. जुलै २०२५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी एमआरआयची चित्रे आणि रुग्णाची बाकीची माहिती एकत्र वाचणारा संगणकी नमुना जाहीर केला. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजारात अचानक मृत्यूचा धोका कुणाला, हे ओळखण्यासाठी तो आहे. हा आजार सुमारे ५०० माणसांत एकाला असतो. डॉक्टरांच्या प्रचलित नियमांनी या रुग्णांतला धोका सुमारे ५० टक्केच अचूक ओळखता येत होता, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. नव्या नमुन्याची अचूकता ८९ टक्के निघाली, आणि ४० ते ६० वयाच्या रुग्णांत ९३ टक्के. ही मोठीच गोष्ट आहे. नको त्याच्या छातीत यंत्र बसणार नाही आणि हवे त्याला ते वेळेवर मिळेल, अशी आशा तिच्यामुळे वाटते.

पण नीट वाचा. हा नमुना अशा रुग्णांसाठी आहे ज्यांचा आजार आधीच ठाऊक होता. त्यांच्या जुन्या नोंदींवर तो पारखला गेला. धडधाकट गावकऱ्याला उभा करून ‘तू जगणार, तू जाणार’ असे सांगण्यासाठी तो केलेलाच नाही. कंपनीचा माणूस तोच आकडा दाखवून सरसकट स्कॅन विकत असेल, तर ते बियाणे एका जमिनीचे आणि विक्री दुसऱ्या जमिनीला, असे झाले.

हिशेब मांडून बघू

आम्ही सभासदांना एक साधा हिशेब करायला सांगतो. समजा १०,००० माणसांचे स्कॅन केले. समजा त्यातली १० माणसे येत्या वर्षात अचानक जाणार आहेत. आणि समजा ही तपासणी १०० तल्या ९० वेळा बरोबर सांगते. तर त्या १० पैकी ९ सापडतील. फार छान. पण उरलेल्या ९,९९० निरोगी माणसांत १०० मागे १० वेळा ती चुकेल, म्हणजे ९९९ जणांना उगीचच ‘धोका आहे’ असे सांगेल. मिळून १,००८ जणांच्या हातात लाल शेऱ्याचा कागद पडेल आणि त्यात खरे फक्त ९. म्हणजे घाबरलेल्या दर ११२ माणसांत खरा एक.

बाकीच्या १११ घरांत काय होईल ते सांगायला पाहिजे का? झोप उडेल. पुण्या-मुंबईच्या खेपा, आणखी तपासण्या, उसनवारी, कदाचित सोसायटीचे कर्ज. मुलीच्या लग्नासाठी राखलेला ऊस असल्या कागदापायी जाईल. शिवाय सीटीत छातीच्या साध्या एक्स-रेच्या कितीतरी पट किरणे अंगावर जातात आणि नळ्या पाहण्याचे औषध अधू मूत्रपिंडाला सोसत नाही.

दुसरी बाजू त्याहून वाईट. ‘धोका नाही’ असा कागद मिळाला की माणूस बिडी आणि तंबाखू सोडत नाही, रक्तदाबाची गोळी बंद करतो. पण नळीतला चुना शून्य असला तरी नळीत मऊ चरबी असू शकते, आणि तीच एके दिवशी फुटते. अभिनेते श्रेयस तळपदे यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईत चित्रीकरण आटोपून घरी आल्यावर त्यांचे हृदय बंद पडले, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. आपण ईसीजी, इको, रक्ताच्या तपासण्या करून घेत होतो, असे त्यांनी नंतर मुलाखतींतून सांगितले. वेळेवर रुग्णालय गाठले, शॉक मिळाला, अँजिओप्लास्टी झाली म्हणून ते वाचले. आणि ज्यांनी शेकडो हृदये दुरुस्त केली ते शल्यविशारद डॉ. नितू मांडके मे २००३ मध्ये हृदयविकारानेच गेले. तपासणी वाईट, असा याचा अर्थ नव्हे. कागद म्हणजे कवच नव्हे, एवढाच अर्थ.

मग फोटो कुणाचा काढायचा?

शेतकी खात्याचा माणूस ब्रिक्स काढायला येतो तेव्हा सगळ्या फडातले ऊस काढीत बसतो का? आधी लागणीची तारीख विचारतो, जात विचारतो, पाणी कधी तोडले ते विचारतो, मग मोजके ऊस तपासतो. हृदयाचेही तसेच करायचे. आधी प्रश्न, मग गरज असेल तिथे फोटो. आमच्या मते पुढील माणसांनी चालढकल न करता हृदयरोगतज्ज्ञाला दाखवावे.

घरात आई, वडील, भाऊ, बहीण, चुलता, मामा यांपैकी कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेले असेल, असे प्रत्येक जण. पळताना, ओझे उचलताना किंवा एकदम दचकल्यावर शुद्ध हरपली असेल, असे प्रत्येक जण, वय काहीही असो. पूर्वी झटका येऊन गेलेले. चालताना छाती भरून येते, दम लागतो, पायांवर सूज येते, असे. आणि घरात कुणाचा हृदयाचा स्नायू जाड असल्याचे निदान झाले असेल, तर त्याची सख्खी भावंडे आणि मुले.

यांचा साधा ईसीजी आणि टू-डी इको व्हायलाच पाहिजे. त्यात काही दिसले आणि तज्ज्ञाने सांगितले, तर एमआरआय किंवा सीटी. आता भिवंडीच्या त्या मुलाकडे पाहा. चुलत्याचे जाणे आणि पळताना दोनदा पडणे, एवढ्यावरच त्याचे नाव या यादीत सर्वांत वर आले असते. तो वाचलाच असता असे कुणी म्हणू नये. पण हृदयाची चित्रे काढणारी मशिने असलेली मुंबई त्याच्यापासून तासा-दीड तासावर होती. मशिनांची उणीव नव्हती, त्याला कुणी प्रश्न विचारला नाही ही उणीव होती. सरसकट स्कॅनच्या गर्दीत असाच माणूस हरवतो, कारण तो गावी नसतो, सभासदाच्या यादीत त्याचे नाव नसते, आणि शिबिराच्या दिवशी त्याची पाळी असते.

गावात आणखी एक कुजबूज आहे, की करोनाच्या लशीमुळे तरणी माणसे जात आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयाच्या ७२९ अचानक मृत्यूंचा अभ्यास केला आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. लशीमुळे धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. धोका वाढलेला दिसला तो घराण्यात अचानक मृत्यू असणाऱ्यांत, करोनाने रुग्णालयात राहून आलेल्यांत, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत बेसुमार दारू प्यालेल्यांत आणि त्याच काळात अतिश्रम केलेल्यांत. म्हणजे इथेही पहिला प्रश्न घराण्याचाच.

कारखान्याने काय करावे

आमच्या चार सूचना आहेत.

एक. गट कार्यालयामार्फत घरोघर प्रश्नपत्रिका भरून घ्यावी. त्यात वरचे प्रश्न असावेत, आणि बाहेरगावी, भिवंडी-मुंबई-पुण्याला असलेल्या मुलामुलींची माहितीही. ऊसतोड मजूर आणि वाहतूकदार सभासद नाहीत म्हणून त्यांना वगळू नये. पहाटे चारला फडात उतरणाऱ्या माणसाचे हृदय सभासदत्व पाहून बंद पडत नाही.

दोन. त्याच वेळी तिशीच्या वरच्या सर्वांचा रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासावी. अचानक मृत्यूची बहुतेक वाट तुंबलेल्या नळीतून जाते. ती तुंबवतात रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि चरबी. दंडाला पट्टा बांधायला फार खर्च येत नाही.

तीन. यादीत सापडलेल्यांच्या इको आणि पुढच्या तपासणीचा खर्च कारखान्याच्या वैद्यकीय निधीतून करावा. सर्वांच्या बिलातून थोडे थोडे कापून कंपनीला देण्यापेक्षा तोच पैसा मोजक्या खऱ्या गरजूंवर पुरेपूर लागेल. पुढे अँजिओप्लास्टी, बायपास लागले तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. तिचे कागद जमवायला गट कार्यालयातला एक माणूस नेमून द्यावा.

चार, आणि ही आमच्या मते सर्वांत निकडीची. गव्हाणीजवळ, गाडीतळावर आणि प्रत्येक गट कार्यालयात छातीवर शॉक देणारे स्वयंचलित यंत्र ठेवावे. एकाची किंमत लाखाच्या आसपास आहे. हे यंत्र स्वतः ठोका तपासते, गरज असेल तरच शॉक देते आणि काय करायचे ते बोलून सांगते. चिटबॉय, मुकादम, पहारेकरी, ट्रॅक्टरचालक यांना छाती दाबण्याचे शिक्षण हंगामापूर्वी द्यावे.

शिक्षण कठीण नाही. माणूस कोसळला, हलवून ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसता आचके देतो आहे, तर त्याला फिट समजू नये, पाणी पाजू नये, कांदा शोधू नये. एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने दोन्ही तळहात एकावर एक ठेवून छातीच्या मधोमध, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे, दमला की दुसऱ्याने घ्यावे. मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. स्टार्टरचा शॉक बसून पडलेल्या शेतकऱ्यालाही, आधी करंट तोडून, हेच करायचे असते. तेवढ्या एका कारणासाठीही हे शिक्षण प्रत्येक वस्तीवर जायला पाहिजे.

एक आक्षेप

काही सभासद म्हणतील, ‘शहरातल्या लोकांनी स्कॅन करून घ्यायचे आणि आम्ही पट्टा बांधून घ्यायचा काय?’ प्रश्न रास्त आहे. नवे ज्ञान शहरापुरते राहावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. व्रणाचे चित्र पाहून कुणाला धोका आहे हे सांगणारे शास्त्र आपल्याही रुग्णाला मिळालेच पाहिजे, आणि त्याचा खर्च त्याच्या एकट्याच्या माथी पडता कामा नये. म्हणूनच तर तिसरी सूचना आहे. पण ज्याला गरज नाही त्याच्या खिशातून ते शास्त्र विकत घ्यायला लावणे, हा व्यापार आहे. आपण सहकार उभा केला तो व्यापाऱ्याच्या काट्यातून सुटण्यासाठी. आरोग्याच्या बाबतीत पुन्हा त्याच काट्याखाली मान देऊ नये.

सभेत हा विषय येईल तेव्हा सभासदांनी नुसता हात वर करून मोकळे होऊ नये. ‘सर्वांचे स्कॅन’ हे शब्द काढून त्या जागी ‘सर्वांची चौकशी, गरजूंचे स्कॅन आणि प्रत्येक गटात शॉकचे यंत्र’ अशी दुरुस्ती सुचवावी. आणि सभेची वाट न पाहता आज रात्री जेवताना घरात एवढे विचारावे : आपल्या घराण्यात असे अचानक कोण कोण गेले आणि तेव्हा त्यांचे वय काय होते? उत्तर आले तर कागदावर लिहून ठेवावे. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारणार आहेत.